घेईल अजून

मामांना कमी ऐकू येतं हे दुकानात सगळ्यांना माहीत होतं. फक्त मामांना ते मान्य नव्हतं. जन्मभर कॉम्प्रेसरशेजारी उभं राहिलेल्या माणसाचे कान जसे व्हायचे तसेच त्यांचे झाले होते. पण ते म्हणायचे, "मशीन चालू असलं की मला उलट स्वच्छ ऐकू येतं. बंद झालं की तुम्ही लोक पुटपुटायला लागता." अशा माणसाला एखादी नाजूक गोष्ट कुठे गाठून सांगायची हा प्रश्नच होता. आणि बापूला ती आज सांगणं भाग होतं.

बापू हा मामांचा जावई. आधी तो कामाला लागला आणि मग घराला. मोठ्या इमारती थंड ठेवणारी अवजड यंत्रं दुरुस्त करण्याचा मामांचा धंदा होता. डिप्लोमा संपवून बापू तिथे नोकरीला आला, हात चांगला निघाला, माणूस नाकासमोर चालणारा निघाला, आणि मामांची एकुलती एक मुलगी लग्नाची होती. खाली दुकान, मधल्या मजल्यावर मामा-मामी, वरच्या मजल्यावर बापूचा संसार, स्वयंपाक मात्र मधल्या मजल्यावर एकत्र. जिना एकच, आणि तो मामांच्या बैठकीच्या खोलीतून वर जायचा. रात्री दूध आणायला उतरलं तरी मामा वर्तमानपत्राआडून विचारायचे, "काय बापू, कुठे?"

एका दूध डेअरीला शीतगृहाची यंत्रं सांभाळायला माणूस हवा होता. गाव लांबचं, राहायला स्वतंत्र घर. बापूने मुलाखत दिली होती, आणि ती बायकोशिवाय कुणाला ठाऊक नव्हती. आज सकाळी त्यांचा फोन आला. संध्याकाळपर्यंत हो म्हणा, नाहीतर दुसरा उमेदवार तयार आहे.

"आता बाबांना सांग आणि डेअरीला कळव," बायको म्हणाली. "आधी सांग, मग कळव. पाठीमागून नको."

"तूच सांग ना. तुझे बाबा आहेत."

"मी सांगितलं तर मी तुला फितवलं असं होईल. तू सांगितलंस तर तू मोठा झालास असं होईल." डबा भरता भरता ती पुढे म्हणाली, "आणि या वर्षी उन्हाळा होऊ दे, असं ते म्हणाले तर मान डोलावू नकोस. गेले सगळे उन्हाळे आपण होऊ दिलेत."

गाडीत सांगू, असं बापूने ठरवलं. गाडीत मामा वाटेतल्या प्रत्येक इमारतीच्या गच्चीकडे बोट दाखवून तिथल्या मशीनचं दुखणं सांगत राहिले. मग वर गेल्यावर सांगू, असं ठरवलं.

वर म्हणजे बाजाराच्या एका मोठ्या इमारतीच्या गच्चीवर. खाली चपला, कापड आणि भांड्यांची दुकानं, वर सिनेमा. या सगळ्याला थंडावा देणारं चिलर गच्चीवर उभं होतं, बसएवढं लांब. दोन्ही बाजूंना पातळ पत्र्यांच्या दाट जाळ्या, डोक्यावर पंख्यांची रांग. पंखे बाजूंनी हवा ओढायचे आणि इमारतीतली उष्णता घेऊन आकाशात फेकायचे. एवढीच त्याची विद्या. पण शेजारच्या इमारतीतल्या लोकांनी आवाजाची तक्रार केली, म्हणून मॅनेजरने चिलरभोवती दोन पुरुष उंचीच्या जाड भिंती उभ्या केल्या होत्या, आत कापूस भरलेल्या. आवाज अडला, आणि त्याबरोबर हवाही अडली. पंख्यांनी वर फेकलेली गरम हवा भिंतींच्या आतल्या आत वळून परत जाळ्यांत शिरायची. मशीन स्वतःचाच उच्छ्वास पुन्हा आत ओढत होतं. आत यायला एकच लोखंडी दार. त्याला कडी बाहेरून.

मशीन एकच असलं तरी आत संसार दोन होते, एका छताखाली वेगळ्या झालेल्या भावांसारखे. दोघांचे कॉम्प्रेसर वेगळे, नळ्या वेगळ्या, गॅस वेगळा. एका भावाला गळती लागली होती. त्याचा गॅस सिलिंडरांत काढून घ्यायचा, सांधा बदलायचा, आणि गॅस परत भरायचा, असं आजचं काम होतं. दुसरा भाऊ तोवर एकट्याने अख्खी इमारत थंड ठेवत होता आणि त्या ओझ्याने भुंकत होता. तो थांबवायचा नाही, अशी मॅनेजरची अट होती. मामांना अटीची गरजही नव्हती. भर दिवसा गिऱ्हाइकाचं चालू मशीन त्यांनी आजवर कधी बंद केलं नव्हतं, आणि ही गोष्ट ते नवीन माणसाला पहिल्याच दिवशी सांगत.

"गळालंय म्हणजे अर्धा गॅस उडालाच असणार," असं म्हणत मामांनी निघताना दोनच सिलिंडर गाडीत घातले होते. वजनाचा काटा खालीच गाडीत राहिला. मामा काटा वापरत नसत. सिलिंडर त्याच्या कानाला, म्हणजे वरच्या मुठीला धरून उचलायचे, किंचित हलवायचे आणि आकडा सांगायचे. तो सहसा बरोबर यायचा, हीच पंचाईत होती.

या वेळी अंदाज चुकला. गळती लहान होती आणि गॅस जवळजवळ सगळा शिल्लक. पहिला सिलिंडर भरला, दुसरा भरत आला, आणि मशीनच्या पोटात अजून बरंच होतं.

"मामा, बास," बापू त्यांच्या कानाशी ओरडला. "पाचातला एक भाग रिकामा सोडायला हवा."

मामांनी सिलिंडर उचलला, हलवला, डोळे मिटून विचार केला. "घेईल अजून," ते म्हणाले.

"मामा..."

"अरे, घेईल. मी काय आज पहिल्यांदा भरतोय?"

सिलिंडरने घेतला. दाब दाखवणाऱ्या गेजचा काटा शून्याखाली गेला, मशीनची ती बाजू रिकामी झाली. मामांनी व्हॉल्व्ह बंद केले आणि पाण्यासाठी हात पुढे केला. पाण्याची बाटली आणि बापूचा फोन पिशवीत होते, आणि पिशवी दाराबाहेर भिंतीच्या सावलीत. आतल्या उष्णतेने फोन बंद पडायचा म्हणून बापूनेच ती बाहेर ठेवली होती. मामा तर कामावर फोन आणतच नसत.

बापू दारापाशी गेला, दार ढकललं, आणि ते हललं नाही. पुन्हा खांदा लावून ढकललं. फटीतून त्याला कडीत अडकवलेलं कुलूप दिसलं.

प्रकार साधा होता. दार उघडं राहिलं की शेजारी तक्रार करतात, म्हणून ते बंद ठेवण्याची वॉचमनला ताकीद होती. तो फेरीवर आला असणार, आत डोकावला असणार. दोघं मशीनच्या पलीकडे वाकलेले. त्याला कुणी दिसलं नाही, आणि त्याने आपलं काम चोख केलं.

बापूने दारावर पाना आपटला. मोठ्याने हाका मारल्या. भिंती ज्यासाठी बांधल्या होत्या ते काम त्या उत्तम करत होत्या.

"काय झालं?" मामा आले.

"कोंडलंय आपल्याला."

मामांनी दार स्वतः ढकलून पाहिलं. दुसऱ्याने ढकललेल्या दारावर त्यांचा विश्वास नव्हता. मग भिंतीकडे पाहिलं, मग बापूकडे. "चढतोस?"

"कशाला धरून? पत्रा गुळगुळीत आहे."

"मग बस. सावलीला बस. संध्याकाळी पाळी बदलताना नवीन वॉचमन फेरी मारतो, तो उघडेल. तेवढीच विश्रांती. घरी मामी बसू देत नाही, इथे दार उघडत नाही."

मशीनच्या पायाशी सावलीचा एक पट्टा होता. दोघं तिथे बसले. जोत्याची ऊब पँटमधून वर चढत होती. संध्याकाळी, असं मामा म्हणाले, आणि बापूने पुन्हा दाराकडे पाहिलं. संध्याकाळी दार उघडेल तोवर दुसरा उमेदवार हो म्हणून मोकळा झालेला असेल. फोन त्या भिंतीच्या पलीकडे, हाताच्या अंतरावर. कदाचित आत्ता वाजतही असेल. बायको विचारत असेल, सांगितलंस का?

सांगायचं म्हटलं तर मामा शेजारीच होते. इतका वेळ इतक्या जवळ ते कधी बसले नव्हते. पण जे घरात हळू आवाजात जमत नव्हतं, ते इथे ओरडून कसं जमणार? तुमचं घर सोडून जातो, हे गळ्याच्या शिरा ताणून कुणी सांगतं का? बापूने दोनदा तोंड उघडलं. मामांनी दोनदा कानामागे हात धरला. दोन्ही वेळा बापू म्हणाला, "गरम होतंय." दोन्ही वेळा मामा म्हणाले, "होणारच."

मग त्याची नजर सिलिंडरवर गेली. सावलीचा पट्टा सरकला होता आणि दुसरा सिलिंडर आता पुरता उन्हात होता. बापू उठला, त्याला सावलीत ओढायला वाकला, आणि वाकलेलाच राहिला. भरलेला सिलिंडर हलवला की दाबाने द्रव झालेला गॅस आत डुचमळतो, हाताला कळतं. हा मुका होता. आत डुचमळायला जागाच उरली नव्हती.

आतमध्ये थोडीशीही पोकळी असेल तोवर भीती नसते. ऊन वाढलं तर दाब वाढतो, पण हळूहळू, रीतीने. पोकळी संपली की मात्र द्रवाला फुगायला कुठेच जाता येत नाही, आणि मग जरासं ऊनही पुरतं. अशा वेळी सुटका व्हावी म्हणून सिलिंडरला सेफ्टी व्हॉल्व्ह असतो. या सिलिंडरचा झिरपत होता, म्हणून मामांनी गेल्या वर्षी त्यावर पितळी बूच आवळून बसवलं होतं. तेव्हा बापू बोलला होता. "थेंब थेंब गॅस वाया घालवू का?" असं मामा म्हणाले होते, आणि बापू गप्प बसला होता.

त्याने गेज जोडलं. काटा जिथे असायला हवा त्याच्या बराच पुढे होता. आणि तो थांबलेला नव्हता.

"मामा, हे बघा."

मामा कुरकुरत उठले. "सावलीत ओढ. होईल थंड."

"कशाने होईल? इथली हवाच तापलीय. याला रिकामं करायला हवं."

"कुठे? तिसरा सिलिंडर काय खिशात आहे?"

"मशीनमध्ये. ही बाजू रिकामीच आहे की."

मामांनी त्याच्याकडे असं पाहिलं, जणू त्याने शिजलेला भात परत पोत्यात भरायला सांगितला. "सकाळपासून दोघं राबून काढला तो परत आत? मग दुरुस्ती कधी करायची?"

"मामा, काट्याकडे बघा. माझ्याकडे नका बघू."

मामांनी वाकून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग त्यांनी सिलिंडरला हात लावला, नेहमीसारखा कानाला नाही, तर तळवा अंगावर टेकवला, ताप बघतात तसा. त्यांच्या चेहऱ्यावरचं काहीतरी उतरलं. त्यांनी होजपाइप उचलला आणि दुसरं टोक बापूच्या हातात दिलं.

"पाण्याच्या बाजूला सोडू नको," एवढंच ते म्हणाले.

"नाही. जाळीच्या बाजूला सोडतो." रिकाम्या भांड्यात द्रव एकदम शिरला की भयंकर गार होतो. इमारतीत फिरणाऱ्या गार पाण्याच्या नळ्यांजवळ सोडला असता तर पाणी गोठून नळ्या तडकल्या असत्या. दोघांनाही ते ठाऊक होतं. बापूने जाळी आणि पाण्याच्या मधला व्हॉल्व्ह बंद असल्याची खात्री केली, सिलिंडरचा हळूच उघडला. होज थरथरला आणि त्यावर पांढरं दव धरलं. त्या भट्टीत ते दव बघूनच बरं वाटलं. काटा आधी एकदम, मग सावकाश खाली आला. सिलिंडर हलवल्यावर आत डुचमळलं तेव्हा बापूने व्हॉल्व्ह बंद केला आणि मामा जोत्यावर मटकन बसले. त्यांचे ओठ कोरडे पडले होते. शर्टावर मिठाचे पांढरे वेढे उमटले होते.

"झालं," ते म्हणाले. "आता संध्याकाळची वाट बघायची."

बापूने दाराकडे पाहिलं. मग चालू असलेल्या भावाकडे, आणि त्याच्या अंगावरच्या बटणांच्या पॅनेलकडे. वाट कधीपासून समोरच होती. मशीन थांबवलं की भिंतींच्या आत शांतता होईल, आणि खाली दुकानांत, सिनेमात लोकांना घाम फुटेल. घाम फुटला की मॅनेजर धावत वर येणार. चिलर बंद पडल्यावर जितक्या तातडीने माणसं गच्चीवर येतात तितक्या तातडीने ती आग लागल्यावरही येत नाहीत.

तो पॅनेलपाशी गेला. मामा उठून मध्ये आले.

"नाही."

"मामा, हा एकच मार्ग आहे."

"चालू मशीन मी बंद करत नाही. कुणाला करू देत नाही. तू लहान आहेस का? संध्याकाळपर्यंत बसवत नाही? एवढी कसली घाई लागलीय तुला?"

बापू त्यांना बाजूला सारू शकला नसता. त्याने त्यांच्या खांद्यावरून हात लांब केला आणि बटण दाबलं.

कॉम्प्रेसर कण्हला आणि थांबला. पंखे एकामागून एक मंदावले, पाती वेगळी दिसू लागली, शेवटच्या पात्यानेही फिरणं सोडलं. मग जी शांतता झाली ती कानाला दुखत होती. कुठूनतरी लांबून रस्त्याचा आवाज आला. आणि दारापलीकडे, अगदी जवळ, पिशवीत फोन वाजत होता.

"मला संध्याकाळच्या आत हो म्हणायचंय," बापू म्हणाला. हळूच म्हणाला. ओरडायची गरज नव्हती. "डेअरीत नोकरी मिळतेय. लांब आहे. आम्ही दोघं जाणार."

पुटपुटतोस काय, असं मामा म्हणाले नाहीत. त्यांनी कानामागे हात धरला नाही. फोन वाजून थांबला.

"तिला माहीत आहे?"

"हो."

"आणि मामीला?"

सकाळी डबा भरताना मामी स्वयंपाकघरातच होती, पाठ करून, फार वेळ एकच भांडं घासत.

"म्हणजे घरात मी एकटाच बहिरा," मामा म्हणाले. ते पुन्हा जोत्यावर बसले. पायांमधल्या जमिनीकडे बघत बसले. "असं कर. हा उन्हाळा होऊ दे. या उन्हाळ्यात तू नसलास तर माझं कसं होईल? मग जा. मी अडवणार नाही. पावसाळ्यात जा."

मान डोलवायची सवय इतकी जुनी होती की बापूची मान खरोखरच जराशी हलली. त्याने ती थांबवली. मामा म्हातारे दिसत होते आणि ते खरंच बोलत होते. उन्हाळ्यात त्यांचं खरंच अडणार होतं. दर उन्हाळ्यात ते खरंच अडलं होतं.

"नाही मामा," तो म्हणाला. "महिनाभर आहे मी. दोन माणसं तयार करून देतो. पण उन्हाळा नाही."

"बटण दाबायला भीती नाही वाटली?"

"वाटली."

"मग?"

"आत्ता जास्त वाटतेय."

मामा त्याच्याकडे बघत राहिले. हसतील असं क्षणभर वाटलं, पण हसले नाहीत. त्यांनी सिलिंडरवरच्या पितळी बुचावर अंगठा फिरवला आणि पान्यासाठी हात पुढे केला. बापूने पाना दिला. बूच त्यांनीच आवळलेलं होतं. सोडवताना दोन्ही हात लावावे लागले.

कुलूप खडखडलं. दार उघडलं आणि आधी मॅनेजर आत आला, मागून वॉचमन, किल्ल्यांचा जुडगा छातीशी धरून.

"काय चाललंय इथे? सिनेमा सोडून लोक बाहेर येतायत. मशीन कुणी बंद केलं?"

बापूने तोंड उघडलं.

"मी," मामा म्हणाले. बूच खिशात टाकून ते सावकाश उठले. "आत माणसं कोंडली की मशीन बंद करायचं असतं. तुमच्या अटींच्या कागदावर ते लिहिलेलं नाही, लिहून घ्या. आणि पाणी मागवा, आधी प्यायचं, मग तुमचं मशीन सुरू करतो."

मॅनेजर काहीतरी म्हणायच्या बेतात होता, पण मामांचा शर्ट बघून त्याने वॉचमनलाच पाण्याला पिटाळलं.

बापू बाहेर आला. गच्चीवर साधा वारा होता, तोही गरमच, पण चालता. त्याने पिशवीतली बाटली आत मामांना दिली आणि फोन काढला. आधी डेअरीचा नंबर लावला आणि हो म्हणाला. आवाज त्याला स्वतःलाच परका वाटला. मग बायकोला.

"सांगितलंस?"

"सांगितलं."

"उन्हाळा म्हणाले का?"

"म्हणाले."

ती म्हणाली, "पाणी प्यायलेत का बाबा?" बापूने फोन कानाला धरूनच दारातून आत पाहिलं; मामा बाटली रिकामी करत होते.

आतून मामांची हाक आली. त्यांच्या नेहमीच्या, मशीनवर मात करायच्या आवाजात, जरी मशीन अजून बंदच होतं. "ए बापू, गाडीतून वजनाचा काटा आण. आणि मॅनेजरला विचार, आपल्या दुकानात माणूस पाठवतात का, रिकामे सिलिंडर आणायला. आत सोडलेला गॅस परत काढायचाय."

बापू जिना उतरून काटा घेऊन आला. वर आला तेव्हा चालू भाऊ पुन्हा भुंकायला लागला होता आणि दारातून तीच ओळखीची धग येत होती. कडीला कुलूप लोंबत होतं, किल्ली त्यातच. त्याने ते काढून स्वतःच्या खिशात टाकलं, आणि काटा बगलेत धरून आत गेला.